ब्रिजवर इंग्रजी, धक्क्यावर स्पॅनिश : बोटीवर निघालेल्या पोरांसाठी

सीडीसी, म्हणजे खलाशाची सरकारी नोंदवही, हातात पडली की आमच्या गुहागर तालुक्यातली पोरं संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसतात. पहिला प्रश्न एजंटाचा, दुसरा पगाराचा आणि तिसरा हल्ली हमखास हा : "काका, इंग्रजी तर लागतंच, पण स्पॅनिश पण शिकू का?" एकवीस वर्षं डेकवर काढली, त्यातली शेवटची आठ एबी, म्हणजे अनुभवी खलाशी म्हणून. एवढ्या काळात मला कळलं ते इतकंच की दोन्ही शिकाव्यात, पण कुठली कुठे बोलायची हे आधी शिकावं.

सुरुवात इंग्रजीपासून कर. पुस्तकातलं इंग्रजी नको. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ मध्ये जहाजावरची ठराविक वाक्यं नक्की करून दिली आहेत, ती आधी तोंडात बसव. "पोर्ट ट्वेंटी" (सुकाणू डावीकडे वीस अंश) ऐकलं की आधी मोठ्यानं "पोर्ट ट्वेंटी" म्हणायचं, मग सुकाणू फिरवायचं, काटा विसावर आला की पुन्हा कळवायचं. घरी भावाला आज्ञा द्यायला सांग आणि उभ्या स्कूटरचं हँडल धरून महिनाभर सराव कर. शेजारी हसतील, हसू देत. "होल्ड ऑन" (दोर धरून ठेव), "स्लॅक अवे" (सैल सोड), "हीव्ह अवे" (ओढ), "लेट गो" (सोडून दे) हे चार शब्द झोपेतही चुकता कामा नयेत. का, ते सांगतो.

पनामाच्या कॅरिबियन टोकाला क्रिस्तोबाल बंदर आहे. माझी तिथली पहिलीच खेप. मी पुढे विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रावर, शेजारी सेकंड मेट हा अधिकारी, कानाला वॉकीटॉकी. बंदरात वाट दाखवणारा पायलट वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कॅप्टनशी इंग्रजीत बोलत होता, पण जहाज ढकलणाऱ्या टगबोटवाल्यांशी आणि खाली धक्क्यावर दोर धरणाऱ्यांशी त्याचं सगळं स्पॅनिशमध्ये. एवढ्यात खालून एकजण हात हलवत ओरडला, "आर्रीआ! आर्रीआ!" आणि माझ्या हातानं आपोआप दोर सैल सोडला. कारण सरळ आहे. मुंबईच्या गोदीत माल खाली सोडायचा असला की "आरिया" म्हणतात, वर घ्यायचा असला की "हाबेस". आमच्या जुन्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या तोंडी दिवसभर हेच. हा "आरिया" पोर्तुगीजांकडून खलाशांच्या बोलीत आला आणि स्पॅनिशमध्येही तोच शब्द, त्याच अर्थानं. मला वाटलं, वा, आपल्याला स्पॅनिश येतं की! मेटनं मात्र अशी काही नजर टाकली की विचारू नका. ब्रिजवरून "होल्ड ऑन" आलं होतं आणि मी दोर सोडून बसलो होतो. दोर ताणात असता तर कुणाचा तरी पाय गेला असता.

तेव्हापासून माझा नियम ठरला. स्पॅनिश कानानं ऐकायचं, हात मात्र मेटच्या इंग्रजी शब्दावरच हलवायचा. खालचा माणूस काय ओरडतोय ते समजलं तर मेटला लगेच सांग, "सर, शोअर आस्किंग स्लॅक." म्हणजे धक्क्यावरचे दोर सैल मागतायत. एवढं पुरे. त्यानं तुझी किंमत वाढते आणि पायही शाबूत राहतात.

आता बंदरात उतरल्यावर काय. कुठल्या देशात कुठली भाषा, याची यादी पाठ करून उपयोग नाही, कारण एकाच गेटवर दोन्ही असतात. पोर्तो रिकोचंच बघ. १८९८ मध्ये स्पेन हरला आणि ते बेट अमेरिकेकडे गेलं. १९०२ च्या कायद्यानं दोन्ही भाषा सरकारी झाल्या, १९९१ मध्ये एकटी स्पॅनिश ठेवली, १९९३ मध्ये पुन्हा दोन्ही. कागद असा इकडून तिकडे फिरत राहिला, पण तिथली राजधानी सान हुआनमध्ये बोटीवर चढणारा इमिग्रेशनवाला इंग्रजी बोलतो आणि गेटबाहेरचा टॅक्सीवाला स्पॅनिश. टॅक्सीवाल्याला इंग्रजी येत नाही असं नाही. पण आधी स्पॅनिशमध्ये "बुएनास तार्देस" म्हणून बघ, मग पुढचं तो आपणहून इंग्रजीत बोलतो. थेट इंग्रजीत सुरुवात केलीस की माणूस आखडतो. रत्नागिरीत कुणी येऊन थेट हिंदीत दर विचारला की आपल्या मासेवालीचं तोंड कसं होतं, तसंच.

त्याच १८९८ मध्ये फिलिपिन्सही स्पेनच्या हातून अमेरिकेकडे गेलं. तिथे मात्र इंग्रजी जिंकली. स्पॅनिश तिथे वरच्या थोड्या घरांपुरती होती, सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत ती पोचलीच नव्हती. पोर्तो रिकोत ती घराघरात होती, म्हणून शाळांतून इंग्रजी रेटूनही हलली नाही. तुझ्या बोटीवर फिलिपिनो असणारच. त्यांच्याशी इंग्रजीच बोल, स्पॅनिश पाजळू नकोस. पण कान दे : "दोन वाजता" म्हणायला ते "अलास दोस" म्हणतात, चमच्याला "कुचारा", खिडकीला "बिंताना". शब्द राहिले, भाषा गेली. फिलिपिन्समधल्याच झांबोआंगाचा कुणी भेटला तर गोष्ट वेगळी. त्यांची चावाकानो बोली स्पॅनिशमधूनच निघालेली. आपल्याकडे रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून निघालेली बोली अजून घरात बोलतात ना, अगदी तसं.

स्पॅनिश शिकायचं कसं? क्लासला पैसे घालू नकोस. शंभर पानी वही घे आणि सगळं देवनागरीत लिही. स्पॅनिशचे स्वर पाचच, आणि ते आपल्या अ-आ, ए, इ, ओ, उ सारखे ठाम. त, द आपल्या त, द सारखेच दातांवरचे, इंग्रजी ट, ड तिथे आणू नकोस. एच मुकी, म्हणून नमस्कार "ओला". (पहिल्यांदा मी शर्ट चाचपला होता.) लिंगाला घाबरू नकोस. आपण टेबल ते आणि खुर्ची ती म्हणतोच की. आणि तू-तुम्ही आहेच : "तू" म्हणजे आपलं तू, "उस्तेद" म्हणजे तुम्ही. वयस्क माणसाला उस्तेद म्हण, आपल्या आजोबांना म्हणतोस तसं.

शब्द घरातूनच सुरू कर. आपल्या मराठीत पोर्तुगीज शब्द बरेच, आणि पोर्तुगीज आणि स्पॅनिश बहिणी, त्यामुळे आपल्या स्वयंपाकघरात अर्धी ओळख पडलेली असते. पाव तिकडे "पान", चावी "याबे", आणि "पागार" म्हणजे पैसे देणं. पण फसवतातही. सान हुआनच्या एका खानावळीत मी मोठ्या ऐटीत "बाताता" मागवला आणि ताटात रताळं आलं. बटाट्याला तिथे "पापा" म्हणतात.

एक शब्द वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिही : "आओरिता". कोशात अर्थ "आत्ताच". पोर्तो रिकोत मात्र "नंतर, बघू" असा. बोटीवर परत सोडणारा व्हॅनवाला "आओरिता" म्हणाला म्हणून मी आणि कुक दीड तास गेटवर उन्हात बसलो, शोअर लीव्ह संपत आलेली. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं, मला कळलं नव्हतं. तेव्हा वेळ नेहमी आकड्यात विचार : "आ के ओरा?" (किती वाजता?) आणि बोटं दाखवून घे.

स्पेनला लागून असलेल्या जिब्राल्टरचं थोडक्यात : १७१३ च्या तहापासून ब्रिटिशांचं, सरकारी भाषा इंग्रजी, पण गल्लीत इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही एकाच वाक्यात मिसळतात. तिथे कुठल्याही भाषेत बोल, कुणी वाईट मानत नाही.

माझी जुनी वही हवी तर घेऊन जा. पहिली सहा पानं ग्रीसनं चिकटलीत, ती उघडत बसू नकोस, पुढून वाच.