थकवा मनाचा की साखरेचा?

मधुमेह आणि नैराश्याचं नातं तपासायला मी गावोगाव फिरत होते. शिरूर तालुक्यातल्या एका ओसरीवर बसून साठीच्या एका मावशींना विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस थकल्यासारखं वाटलं?" त्या म्हणाल्या, "कांदा काढायचा चाललाय. तूच सांग किती दिवस." मी 'जवळजवळ रोज' या रकान्यात खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मानसशास्त्रात एम.ए. होऊन तेव्हा मला तीन महिने झाले होते.

हा प्रश्न पीएचक्यू-९ या नैराश्य चाचपणाऱ्या प्रश्नावलीतला. तिच्यात नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. 10 किंवा जास्त आले की नैराश्याची शक्यता धरतात. त्यातले झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न शरीराचेही आहेत. साखर वाढलेला माणूस रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो, दिवसभर गळून जातो. मन ठीक असूनही त्याचे गुण चढतात. माझ्या पहिल्या विश्लेषणात मधुमेह आणि नैराश्याचं नातं इतकं छान दिसलं की मी पेढे आणायच्या बेतात होते. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, ते तीन प्रश्न काढ आणि पुन्हा चालव. आकडा बराच उतरला. पण शून्यावर आला नाही, आणि जे उरलं तेच खरं तर अभ्यासायचं होतं.

कायमचे काढून टाकावेत म्हणाल, तर तेही चालत नाही. आपल्याकडे "मी उदास आहे" कोण म्हणतं? छातीत धडधडतं, डोकं जड होतं, जीव घाबरतो, असंच सांगतात. म्हणून विश्लेषण दोन्ही प्रकारे करा आणि दोन्ही आकडे छापा. आणि मुलाखत एकांतात घ्या. सासू शेजारी येऊन बसली की सुनेची सगळी उत्तरं शून्य.

आधी काय झालं, मन खचलं की आजार जडला, हे एकदाच विचारून कळत नाही. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं पाहावी लागतात. ब्रिटनमध्ये मार्च 1946 च्या एका आठवड्यात जन्मलेल्या 5,362 जणांचा मागोवा म्हातारपणापर्यंत घेतला गेला. आपल्याकडे केईएम रुग्णालय, पुणे इथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. पुढे त्याच मुलांच्या साखरेबरोबर बुद्धीच्या चाचण्याही झाल्या आणि आईच्या बी-१२ जीवनसत्त्वाशी त्यांचा संबंध तपासला गेला. मला या विषयाची गोडी लागली ती इथे.

नवख्यांनी सुरुवात मात्र लासीपासून, म्हणजे भारतातल्या वयस्कांच्या मोठ्या सर्वेक्षणापासून करावी. 2017-18 ची पहिली फेरी, 45 वर्षांपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून जास्त, देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासणाऱ्या संस्थेकडे अर्ज केला की विदा (डेटा) मिळते. त्यात रक्तदाब आणि हाताच्या पकडीची ताकद मोजलेली आहे, बालपणीच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. अर्थात सत्तरीतल्या माणसाला आठवलेलं बालपण आजच्या मनःस्थितीत भिजून येतं, हे धरून चला.

मैदानात जाणार असाल तर नववा प्रश्न, जीव देण्याच्या विचारांचा, आधी नीट समजून घ्या. कुणी "हो" म्हणालं तर त्याच क्षणी काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे निघण्यापूर्वी लिहून ठेवलेलं हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मी वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलाय.

आणि प्रश्नावली गावात नेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. माझ्या आजीनं तिसऱ्याच प्रश्नाला थांबवून विचारलं होतं, "झोप लागत नाही म्हणजे डास चावतात म्हणून, की काळजीनं?" प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता.