वणाच्या क्लेमचं अपील करताय? आधी फूटपट्टी काढा

अमेरिकन आर्मीतून रिटायर झालेल्या मावसभावाचे VA चे (म्हणजे तिथलं माजी सैनिकांचं सरकारी खातं, सर्व्हिसमधल्या दुखापतीची भरपाई देतं) कागद लावताना हे लक्षात आलं. वणासाठी अपंगत्वाचे 0 टक्के आले (भरपाई या टक्क्यांवर ठरते) की लोक अपिलात जखम कशी झाली त्याची अख्खी कहाणी लिहितात, पण सर्व्हिसमुळे झाली हे तर आधीच मान्य झालेलं असतं ना, टक्के ठरतात ते वण दुखतो का, कातडी परत परत निघते का आणि माप किती यावर.

1. दुखणारे वण मोजा, अगदी छोटे पण. 1-2 ला 10 टक्के, 3-4 ला 20, 5 किंवा जास्तला 30. त्यातला एखादा दुखतोही आणि त्याची कातडीही निघते, तर वर आणखी 10.
2. बेल्ट घासला, बुटाची कड लागली, रक्त आलं, सगळं तारखेसकट लिहा. बायकोने लिहून दिलेलं पण चालतं.
3. चेहरा, डोकं, मानेवर असेल तर फूटपट्टी लावून रंगीत फोटो, फिल्टर अजिबात नको. सगळ्यात रुंद जागी मोजा, पाव इंच भरला तरी 10 टक्के बसतात.

फक्त हे नवीन कागद सप्लिमेंटल क्लेमला (नव्या पुराव्यासह परत केलेला अर्ज) जोडा, हायर लेव्हल रिव्ह्यूमध्ये (वरचा अधिकारी जुनेच कागद परत तपासतो) नवीन पुरावा बघतच नाहीत. आणि निकालाच्या पत्रापासून 1 वर्षाच्या आत करा, नाहीतर भरपाई जिथून मोजतात ती आधीची तारीख हातची जाते.