लिनक्सवर गेमिंग कीबोर्डची मॅक्रो बटणं आणि लाइटिंग कशी चालू करावी

गेमिंग कीबोर्ड लिनक्सला जोडला की साधं टायपिंग लगेच सुरू होतं. डावीकडची जी-१, जी-२ ही मॅक्रो बटणं (एका दाबात आपण ठरवलेलं काम करणारी) मात्र बहुतेक वेळा काहीच करत नाहीत आणि लाइट कारखान्यातून आलेल्या रंगांतच फिरत राहते. रेझर सिनॅप्स, कोर्सेअर आयक्यू, लॉजिटेक जी हब ही कंपन्यांची सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघत नाहीत. ती जागा मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी भरून काढली आहे, आणि चांगली भरली आहे. सुरुवात करण्याआधी एवढं पक्कं धरा: लाइट आणि बटणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये शोधत बसलात तर वेळ जातो.

आधी कीबोर्ड ओळखा

टर्मिनल उघडा आणि एलएसयूएसबी ही आज्ञा द्या. लिनक्सच्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात. यादीत कीबोर्डच्या ओळीवर मध्ये विसर्गासारखे दोन टिंब (:) असलेला एक क्रमांक दिसेल. त्याचा पहिला भाग कंपनीचा असतो: रेझर १५३२, लॉजिटेक ०४६डी, कोर्सेअर १बी१सी. दुसरा भाग मॉडेलचा. हा क्रमांक लिहून ठेवा. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका, कारण एकाच नावाच्या कीबोर्डच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बाजारात असतात.

लाइट

कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असो, पहिला प्रयत्न ओपन-आरजीबी या लाइट सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर करावा. ते इन्स्टॉल करताना त्याचे यूडेव्ह नियमही (कोणतं उपकरण कोणाला वापरता येईल ते ठरवणारे) बसले पाहिजेत. ते नसले तर प्रोग्राम उघडतो, पण साध्या वापरकर्त्याला कीबोर्डशी बोलण्याची परवानगी नसल्यामुळे यादी रिकामी दिसते. नियम बसवल्यावर कीबोर्डची वायर काढून पुन्हा लावा. प्रोग्राम रूट म्हणून (सर्वाधिकारी खात्यावरून) चालवणं हा यावरचा उपाय नव्हे.

रेझर असेल तर ओपनरेझर आणि त्यासोबत पॉलिक्रोमॅटिक हा दिसायला नेटका प्रोग्राम घ्या. ओपनरेझर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, स्वतःचं मॉड्यूल (जोडभाग) बसवतं, म्हणून सिक्युअर बूट (सही नसलेले भाग रोखणारी सुरक्षा) चालू असलेल्या मशीनवर ते अडू शकतं. उबुंटूवर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा घाईत पुढे ढकलला तर मॉड्यूल लोड होत नाही. शिवाय तुमचं खातं सूचनेत दिलेल्या गटात घालून लॉगआउट करून परत यावं लागतं.

कोर्सेअरसाठी सीकेबी-नेक्स्ट आहे. ते लाइट आणि जी-बटणं दोन्ही सांभाळतं, फक्त त्याची पार्श्वभूमीत चालणारी सेवा सुरू ठेवावी लागते. एकाच कीबोर्डवर ओपन-आरजीबी आणि सीकेबी-नेक्स्ट एकत्र चालवू नका.

बटणं

बटण दाबल्यावर कर्नलला काय ऐकू येतं, ते प्रथम पाहा. बटणांचे आकडे दाखवणारं ईव्हीटेस्ट इन्स्टॉल करून ते सुडोसह (आज्ञेआधी सुडो लिहून) चालवा, यादीतून कीबोर्ड निवडा आणि मॅक्रो बटण दाबा. एकाच कीबोर्डच्या दोन-तीन नोंदी असतात, त्यामुळे एकीवर काही उमटलं नाही तर पुढची बघा. कंट्रोल-सी ने बाहेर पडा.

ईव्ही-की लिहिलेल्या ओळीत ‘कोड’ या शब्दापुढचा आकडा पाहा. तो आकडा २४७ किंवा त्याहून कमी आला आणि तो दुसऱ्या कोणत्याच बटणाचा नसेल, तर काम सोपं. डेस्कटॉपच्या शॉर्टकट सेटिंगमध्ये ते बटण थेट नेमता येतं.

आकडा ६५६ किंवा त्याच्या पुढचा आला, तर कर्नलने बटण ‘मॅक्रो १’ म्हणून ओळखलेलं आहे, पण एक्स-११ ला (पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणं सांभाळणाऱ्या यंत्रणेला) एवढे मोठे आकडे कळत नाहीत. इथे एका बटणाचं काम दुसऱ्याला देणारा इनपुट रीमॅपर हा प्रोग्राम वापरा. त्यात कीबोर्ड निवडून नवा प्रीसेट (नेमणुकांचा संच) बनवा, ‘रेकॉर्ड’ दाबून मॅक्रो बटण दाबा आणि त्याच्या जागी एफ-१३ द्या. एफ-१३ ते एफ-२४ ही बटणं आजच्या कीबोर्डवर सहसा नसतात, म्हणून कशाशी टक्कर होत नाही. ‘अप्लाय’ आणि ‘ऑटोलोड’ दोन्ही करा. शॉर्टकट नेमताना डेस्कटॉप एफ-१३ ला ‘टूल्स’ म्हणाला तर गोंधळू नका, नेमणूक बरोबरच आहे.

जी-१ दाबल्यावर एफ-१ चाच आकडा आला, तर रीमॅपरला दोन्हींत फरक करता येत नाही. लॉजिटेकच्या काही मॉडेलवर असं होतं. तिथे लॉजिटेकच्या उपकरणांसाठीचा सोलार हा प्रोग्राम उघडून जी-बटणं वळवण्याची सोय आहे का ते पाहा. ऑनबोर्ड मेमरी (कीबोर्डच्या आतलीच साठवण) असलेल्या कीबोर्डला एकदा विंडोजच्या मशीनवर नेऊन बटणं साठवून आणता येतात. व्हीआयए हे ब्राउझरमधून बटणं बदलण्याचं साधन चालणारे कीबोर्ड याहून बरे: क्रोममध्ये व्हीआयए उघडून बटणं बदलली की ती कीबोर्डमध्येच राहतात, मग मशीन कुठलंही असो. फायरफॉक्समध्ये हे चालत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी

मॅक्रो अक्षरं पाठवत नाही, बटणांचे आकडे पाठवतो. ईमेलचा पत्ता मॅक्रोत भरून ठेवलात आणि त्या वेळी इनस्क्रिप्ट चालू असेल, तर पत्त्याऐवजी देवनागरी अक्षरांची खिचडी उमटते. म्हणून मजकुराचे मॅक्रो इंग्रजी लेआउटवरच वापरा. मी तर पहिलं मॅक्रो बटण भाषा बदलण्यालाच देते. ग्नोम या डेस्कटॉपवर त्याला सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि स्पेस ही जोडी नेमली की मराठी-इंग्रजी अदलाबदल एका बोटावर येते.

तरीही अडलं तर

मशीन झोपेतून उठल्यावर रंग जात असतील, तर ओपन-आरजीबी मध्ये ‘डायरेक्ट’ ऐवजी कीबोर्डचा स्वतःचा एखादा मोड निवडा आणि ‘सेव्ह टू डिव्हाइस’ चालत असेल तर ते दाबा. कीबोर्ड कोणत्याच यादीत नसेल तर आधी सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घेऊन बघा, कारण डिस्ट्रोमधलं (उबुंटूसारख्या लिनक्सच्या आवृत्तीतलं) पॅकेज बरंच मागे असू शकतं. तेवढ्यानेही दिसला नाही तर सुरुवातीला लिहून ठेवलेला क्रमांक आणि ईव्हीटेस्टमध्ये आलेले आकडे त्या प्रकल्पाच्या तक्रार-नोंदीत टाका. नवं मॉडेल जोडण्यासाठी विकसकांना नेमकी हीच माहिती लागते.