वृद्धाश्रमात औषधं सांभाळायला येताय?

डी. फार्म किंवा बी. फार्म झालं की मुंबईत बहुतेक जण मेडिकलच्या काउंटरवर नाहीतर कंपनीत जातात. वृद्धाश्रमाकडे फारच थोडे वळतात. मी मुलुंडच्या एका वृद्धाश्रमात औषधांचं काम बघते. या कामात शिकण्यासारखं प्रचंड आहे, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं लिहिते आहे.

नवे आजी-आजोबा आले की मुलगा किंवा सून एक पिशवी हातात देते. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, अर्धवट स्ट्रिपा, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. ती पिशवी टेबलावर पूर्ण रिकामी करा. ब्रँड बाजूला ठेवून प्रत्येक गोळीतलं मूळ औषध लिहून काढा. टेल्मा-एएममध्ये अ‍ॅम्लोडिपिन आधीच असतं; दुसऱ्या चिठ्ठीवर तेच वेगळ्या नावाने चालू असेल तर बीपीचा डबल डोस जातो. आयुर्वेदिक चूर्ण आणि दुखण्यावर मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळीही यादीत हवी. घरचे त्यांना औषधात धरत नाहीत, म्हणून तुम्ही मुद्दाम विचारायचं.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक सवय: नवी तक्रार आली की आधी चालू औषधांवर संशय घ्यायचा. आमच्या एका आजींच्या पावलांवर एवढी सूज यायची की चपलेचा पट्टा रुतायचा. सुजेसाठी लघवीची गोळी सुरू झाली. मग रात्री तीन-तीनदा उठणं आलं आणि अंधारात तोल जायला लागला. सूज अ‍ॅम्लोडिपिनची असू शकते, हे मी तारखांसकट एका कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून ते औषध बदललं. सूज उतरली आणि लघवीची गोळीही बंद झाली. नुसतं तोंडी सांगितलं असतं तर राउंडच्या घाईत राहून गेलं असतं. तेव्हा डॉक्टरांशी बोलताना कोणती गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी सुरू झाला, हे शेजारी शेजारी लिहून न्या. निर्णय त्यांचा, पण मांडणी तुमची.

बीअर्स निकष, म्हणजे वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी, जरूर वाचा. 1991मध्ये ते पहिल्यांदा आले ते नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठीच. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची 2023ची सुधारित आवृत्ती आहे. झोपेची अल्प्राझोलाम, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, शुगरची ग्लिबेनक्लामाइड ही नावं तिथे भेटतील. पण नुसती यादी बघून कुणाची गोळी परस्पर थांबवू नका. वर्षानुवर्षं चालू असलेली अल्प्राझोलाम एकदम तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवावी लागते.

क्रिएटिनिन 1.0 बघून किडनी ठीक आहे असं धरून चालू नका. 82 वर्षांच्या, 40 किलो वजनाच्या आजींचा हाच आकडा कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात (वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून किडनी किती काम करते ते काढणारं सूत्र) घातला तर उत्तर मिनिटाला 27 मिलिलीटरच्या आसपास येतं, आणि तेवढ्यावर कितीतरी औषधांचे डोस बदलतात. त्यासाठी वजन दर महिन्याला घेतलेलं हवं. वजनकाटा नसेल तर आधी तो मागून घ्या.

आपल्याकडचं आणखी एक, जे परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार. आजी उपवास धरतात आणि सकाळची शुगरची गोळी मात्र नेमाने घेतात. ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाची शुगर अशा वेळी धोकादायक खाली येऊ शकते. महिन्याच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर उपवासाचे दिवस बघून डॉक्टरांकडून त्या दिवसांचा डोस लिहून घ्या. उपवास सोडा म्हणून भांडण्यात अर्थ नाही. त्यांची श्रद्धा आहे, तिचा मान ठेवूनच काम करायचं.

मावशींशी नातं जोडा. गोळी गिळवत नाही म्हणून वरणात कुस्करून देणाऱ्या त्याच असतात, आणि आजोबांनी गोळी गालात धरून नंतर थुंकली हे पहिल्यांदा कळतं तेही त्यांनाच. एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुस्करली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो, हे त्यांना गोळी दाखवून समजवा. मेथोट्रेक्सेटसारखं आठवड्यातून एकदाच द्यायचं औषध असेल तर चार्टवर वार मोठ्या अक्षरात मराठीत लिहा.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी औषधांचा चार्ट दाखवायला सांगा. दिलेल्या प्रत्येक डोससमोर वेळ आणि सही आहे का, न दिलेल्या डोसचं कारण लिहिलंय का, ते बघा. रात्रीच्या डोसला कोण असतं तेही विचारा.