लोलक, ओली माती आणि प्लास्टर : या चुका टाळा

छताला लोलक टांगायचा, त्याच्या टोकाला सुई बांधायची, खाली मातीची ओली लादी ठेवायची आणि झोका द्यायचा. सुई मातीत रेघा ओढत जाते. त्यावर प्लास्टर (ऑफ पॅरिस) ओतलं की त्याच रेघा ठशात उंचवटे होऊन वर येतात. लोलकाने एरवी कागदावर काढतात त्या चित्राला आता सावली पडते. सांगायला एवढं सोपं, पण पहिल्या पावसाळ्यात माझ्या हाती एकही धड ठसा लागला नाही. मी प्रत्येक वेळी प्लास्टरला शिव्या दिल्या. निम्म्या वेळा प्लास्टरचा काहीच दोष नव्हता.

म्हणून पहिली चूक : थेट मातीवर सुरू करणं. आधी तोच झोका, तेवढ्याच उंचीवर, सुईऐवजी बॉलपेन लावून कागदावर देऊन बघा. कागदावर आकृती वाकडी आली तर दोष लोलकाचा. कागदावर छान आणि मातीत वाईट, तर दोष मातीचा किंवा सुईचा. मातीत छान आणि ठशात वाईट, तेव्हा प्लास्टरकडे बघा. मी प्रत्येक लादीचा फोटोही काढून ठेवते, कारण ठसा निघेपर्यंत मातीतलं चित्र मोडून गेलेलं असतं आणि मग आपण आठवणीवर भांडत बसतो.

सुई मध्ये रुतते, कडेला पुसट होते

सगळ्यात सोपा लोलक म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखा. छताला दोन हुक, दोन्हींकडून आलेले दोर एका गाठीत मिळतात आणि गाठीखाली एकच दोर वजनापर्यंत जातो. स्कॉटिश गणितज्ञ ह्यू ब्लॅकबर्न यांच्या नावाने तो ओळखला जातो, १८४४ पासून. एका दिशेला तो पूर्ण लांबीने झुलतो, दुसऱ्या दिशेला फक्त गाठीखालच्या लांबीने. दोन झोके एकत्र आले की आकृती तयार होते.

इथे लांबीचा हिशेब फसतो. लांबी दुप्पट केली म्हणजे झोक्याचा वेळ दुप्पट होईल असं वाटतं, पण वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. २५ सेंमीचा लोलक साधारण एका सेकंदात एक फेरी करतो, एक मीटरचा दोन सेकंदांत. दोन झोक्यांच्या वेळेचं प्रमाण ३:२ हवं असेल तर लांब्या ९:४ ठेवा. मी एकूण १८० सेंमी आणि गाठीखाली ८० सेंमी ठेवते. लांबी वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची, सुईच्या टोकापर्यंत नाही. आणि सुतळी वापरू नका. ती ताणली जाते, दमट हवेत तर जास्तच, आणि काल जमलेली आकृती आज जमत नाही. बारीक तार बरी.

पण मला सर्वांत जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. माझ्या रेघा मध्यभागी खोल खड्ड्यासारख्या आणि कडेला जेमतेम ओरखडा, अशा यायच्या. लादी सपाट नाही असं समजून मी लेव्हल बॉटल लावली, लाटणं बदललं, एकदा टेबलही बदललं. कारण साधं होतं : लोलक झुलताना वर उचलला जातो. ८० सेंमीच्या दोराला १५ सेंमीचा झोका दिला की वजन जवळजवळ दीड सेंमी वर जातं. सुई वजनाला घट्ट बांधलेली असेल तर तीही तेवढी वर जाणार. मातीतली रेघ असते दोन-तीन मिलिमीटर खोल!

उपाय स्वयंपाकघरातल्या कागदी नळीइतका स्वस्त. रिकाम्या बॉलपेनची नळी वजनाच्या बुडाला उभी बसवा आणि सुई तिच्यात सैल सोडा, म्हणजे ती स्वतःच्या भाराने खाली टेकून राहील आणि हवी तशी वर-खाली सरकेल. भार कमी पडला तर सुईच्या डोक्यावर एक-दोन नट चढवा.

शिवणाची सुई घेऊ नका. ती अरुंद, खोल चर काढते. ठशात त्याचा पातळ कंगोरा होतो आणि साचा सोडवताना तोच पहिला तुटतो. २ ते ३ मिमी जाडीची विणकामाची सुई सर्वांत बरी. कागदावर लोलक मिनिटभर आरामात चालतो, मातीत मात्र घर्षणाने लवकर दमतो, म्हणून वजन चार-पाच किलोंचं तरी हवं. पाण्याचा कॅन नको, पाणी आत हिंदकळतं. वाळूची बादली चालते.

मातीची वेळ

फार ओल्या मातीत सुईमागे चर मिटतो आणि टोकाला गोळा जमतो. फार वाळली की कडा भुरभुरतात. अंगठा दाबून बघा : ठसा उमटला पण माती बोटाला चिकटली नाही, की झोका द्या. चराच्या कडेला उठलेली माती लगेच खरवडू नका. तासाभराने मऊ कुंचल्याने ती आपोआप झडते.

नुसता ठसा घ्यायचा असेल तर शाडू उत्तम, पोत बारीक आणि सगळीकडे मिळतो. पण लादी भाजून ठेवायची असेल तर शाडूच्या नादी लागू नका. तो मूर्तीसाठीचा, न भाजता वापरायचा माल. कुंभाराकडची माती घ्या, त्याला तिची आग ठाऊक असते. तीत थोडी विटांची सुरकी मिसळली तर लादी कमी वाकते. भट्टीत लादी फुटली की लोक म्हणतात, ‘हवा राहिली असेल.’ बहुतेक वेळा हवा नव्हे, ओल राहिलेली असते. १०० अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळत नाही. दीड सेंमीची लादी पावसाळ्यात दोन आठवडे वाळू द्या, दोन्ही बाजूंनी. गालाला लावून गार लागली तर अजून ओली आहे.

लोलकाऐवजी मोटरच्या आखणीयंत्राने (प्लॉटरने) रेघा ओढणाऱ्यांना एकच सांगते : दशांश मिलिमीटरच्या अचूकतेमागे धावू नका. वाळताना आणि भाजताना माती शेकडा आठ-दहाने आटते, ३० सेंमीची लादी २७ ची होऊन येते. मात्र रेघा मध्येच एका बाजूला सरकल्या तर टोक मातीत अडून मोटर पावलं गाळते आहे, म्हणजे सांगितलं तेवढी फिरत नाही; वेग कमी करा. आणि पेन उचलताना आर्डुइनो (यंत्र चालवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) पुन्हा सुरू होत असेल तर सर्व्होला, म्हणजे पेन उचलणाऱ्या छोट्या मोटरला, वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्या, दोघांचं ग्राउंड (ऋण तार) तेवढं जोडा.

प्लास्टर

पाण्यात प्लास्टर, प्लास्टरमध्ये पाणी नाही. ३० × २० सेंमीच्या लादीवर अडीच सेंमी जाडीचा ठसा हवा तर दीड लिटर मिश्रण लागतं : एक लिटर पाणी आणि सुमारे १.४ किलो प्लास्टर. मुठीमुठीने शिंपडा, मिनिट-दोन मिनिटं भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून हळू ढवळा. घुसळलं की बुडबुडे आलेच. पहिला हात कुंचल्याने रेघांवर शिंपडायचा, उरलेलं कडेने ओतायचं. ओल्या मातीला तेल-बिल लावू नका, प्लास्टर तिच्यापासून तसंही सुटतं. तेलाने फक्त बारीक रेघा भरतात.

मिश्रण दहा मिनिटांतच आवळलं तर भांड्याला जुनं प्लास्टर चिकटलेलं असणार, तेच नव्याला घाई करतं. तासानंतरही ठसा खडूसारखा मऊ असेल तर पोत्याने दमट हवा खाल्ली आहे. मला एका दुकानदाराने जुलैत असंच पोतं दिलं होतं. तेव्हापासून आधी वाटीभर घालून बघते, गरम झालं तरच बाकीचं वापरते. ठसा तापून पुन्हा गार झाला की साधारण पाऊण तासाने सोडवा.

गरम होतं म्हणजे खरंच होतं. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीने वर्गात हाताचा साचा घ्यायला प्लास्टरमध्ये हात घातले आणि बोटं गमावली. हाताचा ठसा हवा तर दंतवैद्य वापरतात ते अल्जिनेट आणा.

उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, बादलीतच घट्ट होऊ द्या आणि फेका. ठसा घेतलेली मातीही भाजायच्या मातीत परत टाकू नका. प्लास्टरचा तांदळाएवढा कण आत राहिला तर भाजल्यावर तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि वरचा टवका उडवतो.

एक गोष्ट मात्र मी दुरुस्त करणं सोडलं आहे. लोलक थांबतो तिथे सुई रुतून बसते आणि ठशाच्या मध्यभागी एक टोकदार फोड उठते. सुरुवातीला दोऱ्याने सुई वेळेत वर ओढायचे, नाहीतर फोड कानशीने घासून टाकायचे. सध्या भिंतीवर असलेल्या चार ठशांपैकी तिघांत ती आहे, आणि घरी येणारे लोक आधी तिलाच हात लावतात.