‘ऑलवेज’ नेमकं कुठे बसवायचं? मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी

पुण्यात आमच्या ऑफिसात नवी बॅच रुजू झाली की पहिले काही महिने त्यांचे परदेशी ग्राहकांना जाणारे मेल माझ्या नजरेखालून जातात. बहुतेक मुलंमुली मराठी माध्यमातली, कोणी बीडकडची, कोणी जळगावची. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं, त्यामुळे त्यांच्याकडे शब्द भरपूर असतात. काळही बऱ्यापैकी जमतात. अडतं ते ऑलवेज, यूज्वली, ऑलरेडी, स्टिल, ऑल्सो, ओन्ली या चिमुकल्या शब्दांपाशी. वाक्यात ते घालायचे कुठे, हे शाळेत कोणी नीट सांगितलेलं नसतं. ॲडव्हर्बची (क्रियाविशेषणाची) व्याख्या पाठ असते, जागा माहीत नसते.

मुळात मराठीत या जागेची फिकीर करावी लागत नाही. ‘मी नेहमी मेल तपासते’, ‘मी मेल नेहमी तपासते’, ‘मेल मी नेहमी तपासते’, तिन्ही वाक्यं चालतात, फक्त भर बदलतो. विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदाचं रूप मिळून कोणी काय केलं हे सांगून टाकतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय उरलेले नाहीत. कर्ता क्रियापदाच्या आधी आणि कर्म नंतर, या क्रमावरच अर्थ उभा असतो. म्हणून क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये इंग्रजी सहसा कोणाला शिरू देत नाही. ‘वुई सेंट ऑलरेडी द रिप्लेसमेंट’ किंवा ‘आय लाइक व्हेरी मच धिस जॉब’ खटकतं ते याचमुळे. ‘वुई हॅव ऑलरेडी सेंट द रिप्लेसमेंट’ आणि ‘आय लाइक धिस जॉब व्हेरी मच’ म्हटलं की क्रियापद आणि कर्म पुन्हा शेजारी येतात.

नवीन माणसाला मी एकच सवय लावते. वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधायचं आणि त्याच्या आधी हेल्पिंग व्हर्ब, म्हणजे हॅज, डू, विल यांसारखं साहाय्यक क्रियापद, आहे का ते पाहायचं. नसेल तर हा छोटा शब्द थेट मुख्य क्रियापदाच्या आधी येतो: ‘आय यूज्वली कॉल द कस्टमर फर्स्ट.’ असेल तर पहिल्या हेल्पिंग व्हर्बच्या लगेच नंतर: ‘द अमाउंट हॅज ऑलरेडी बीन रिफंडेड.’ इथे ‘हॅज’ आणि ‘बीन’ असे दोन आहेत, म्हणून ‘हॅज’च्या पाठोपाठ. ॲम, इज, आर, वॉज, वेअर हे एकटेच क्रियापदाचं काम करत असतील तर शब्द त्यांच्या नंतर जातो: ‘ही इज ऑलवेज ऑन टाइम.’ आपल्याकडून ‘ही ऑलवेज इज ऑन टाइम’ निघून जातं, कारण ‘तो नेहमी वेळेवर असतो’ यात ‘नेहमी’ आधी आणि ‘असतो’ शेवटी. प्रश्नातही हीच रीत. ‘डू यू यूज्वली वर्क फ्रॉम होम?’ यात ‘डू’ पुढे गेला तरी ‘यूज्वली’ मुख्य क्रियापदापाशीच थांबतो.

‘हॅव’ दिसला की लगेच हेल्पिंग व्हर्ब समजू नका. ‘आय ऑलवेज हॅव टी ॲट फोर’ यात ‘हॅव’ हेच मुख्य क्रियापद आहे. ‘हॅव टू’ मध्येही तसंच: ‘आय ऑलवेज हॅव टू चेक द ऑर्डर नंबर.’

आता ‘डेली’. ‘आय डेली चेक द टिकेट्स’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये वाचते. वरच्या सवयीप्रमाणे ते बरोबर वाटतं, पण डेली, टुडे, यस्टरडे, एव्हरी वीक हे शब्द ऑलवेजच्या गटातले नाहीत. त्यांची जागा शेवटी किंवा अगदी सुरुवातीला: ‘आय चेक द टिकेट्स डेली.’ स्थळ आणि वेळ दोन्ही असतील तर आधी स्थळ, मग वेळ. ‘मी काल बँकेत गेले’ हे इंग्रजीत ‘आय वेंट टू द बँक यस्टरडे’ असं उलटं फिरतं. कसं केलं हे सांगणारे शब्दही बहुधा कर्मानंतरच जातात: ‘शी एक्स्प्लेन्ड द प्रॉब्लेम क्लिअरली.’

‘नॉट’ आला की मात्र घाई करू नका. ‘आय हॅव नॉट स्टिल रिसीव्ड द इन्व्हॉइस’ असं वाक्य समोर आलं की मी त्या व्यक्तीला शेजारी बसवून दोन पर्याय दाखवते. ‘आय स्टिल हॅव नॉट रिसीव्ड द इन्व्हॉइस.’ ‘आय हॅव नॉट रिसीव्ड द इन्व्हॉइस येट.’ नकारात ‘स्टिल’ हेल्पिंग व्हर्बच्याही आधी जातो आणि ‘येट’ सहसा शेवटी. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण सूर वेगळा आहे. पहिल्यात ‘अजूनसुद्धा नाही?’ अशी नाराजी आहे, दुसरं शांतपणे आठवण करून देतं. ग्राहक ‘स्टिल’ने सुरुवात करत असेल तर तो आधीच चिडलेला आहे असं समजून उत्तर लिहावं.

माझ्या मते नकाराच्या अलीकडे की पलीकडे, हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि शिकवण्यांमध्ये तोच सुटतो. ‘आय रिअली डोन्ट नो’ म्हणजे मला खरंच काहीच माहीत नाही. ‘आय डोन्ट रिअली नो’ म्हणजे तितकंसं माहीत नाही. ‘ही डेलिबरेटली डिड नॉट रिप्लाय’ म्हणजे त्याने मुद्दाम उत्तर दिलं नाही, हा आरोप झाला. ‘ही डिड नॉट डेलिबरेटली डिलीट द फाइल’ म्हणजे फाइल उडाली असेल, पण त्याने ती मुद्दाम उडवलेली नाही, हा बचाव झाला. वाक्यं पाठ करण्यापेक्षा दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा. ‘नॉट’च्या पुढे जे येतं त्यावर नकाराचा हात पोचतो, अलीकडचं बहुधा सुटतं.

‘ओन्ली’ आणि ‘ईव्हन’ यांच्यात आपला मराठी ‘च’ आणि ‘सुद्धा’ डोकावतो. हे दोन्ही आपण शब्दाच्या मागे जोडतो, म्हणून ‘आय वर्क इन धिस टीम ओन्ली’. आपल्या मनात असतं ‘मी याच टीममध्ये आहे’. मुंबई-पुण्यात ते सगळ्यांना कळतं आणि आपापसात बोलताना मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण लंडनमधल्या ग्राहकाला त्यातून ‘फक्त याच एका टीममध्ये’ असं ऐकू येतं. ‘ईव्हन आय हॅव द सेम फोन’ मध्ये तर त्याला ‘अगदी माझ्याकडेसुद्धा!’ असं आश्चर्य ऐकू येतं, जणू माझ्याकडे असा फोन असणं अपेक्षितच नव्हतं. साधं ‘माझ्याकडेही’ म्हणायचं असेल तर ‘आय हॅव द सेम फोन टू’ पुरेसं आहे. ‘ओन्ली’ लिहिताना तो ज्या शब्दाला लागू आहे त्याच्या शेजारी ठेवला तर घोळ होत नाही: ‘वुई रिफंड ओन्ली द शिपिंग चार्जेस.’ बोलताना इंग्रज माणूसही ‘वुई ओन्ली रिफंड’ असंच म्हणतो आणि आवाजाच्या जोरावर अर्थ पोचवतो. मेलमध्ये आवाज नसतो.

इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनी एक जोडी पक्की करून जावी. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी मेहनत घेते. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी जेमतेमच काम करते. ‘हार्ड’ला शेवटी ठेवायचं आणि ‘ली’ लावायचं नाही.

सराव कसा करायचा, असं सगळे विचारतात. स्वतःच्या सेंट बॉक्समधले मेल उघडा. नवी पुस्तकं नंतर घ्या. मेलमधल्या प्रत्येक ऑलवेज, ऑल्सो, ऑलरेडी, स्टिलच्या शेजारी मुख्य क्रियापद आहे का, आणि आधी हेल्पिंग व्हर्ब आहे का, एवढंच तपासा. तुमची वाक्यं तुमच्या कामाची असल्यामुळे तीच पुन्हा पुन्हा लिहायची वेळ येते आणि जागा हाताला बसते. बोलताना मात्र ‘आता हा शब्द कुठे?’ म्हणून मध्येच थांबू नका. सुरुवातीला गोंधळ झाला तर सरळ ‘सम्टाइम्स’ किंवा ‘यूज्वली’ने वाक्य सुरू करा, इंग्रजीला ते चालतं. ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ने साधं विधान असं सुरू होत नाही. सूचना देताना मात्र ‘ऑलवेज चेक द ॲड्रेस’, ‘नेव्हर शेअर युवर पासवर्ड’ असंच म्हणतात.