पाचगणीच्या फ्रेडीसाठी साताऱ्यात मदतीची मैफल करायची तर

पैसे कुणाला द्यायचे ते आधी ठरवा, मग तारीख, मग हॉल, आणि गाणी सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी आम्ही बरोबर उलटं केलं. गाणी ठरली, पोस्टर लागलं, त्यावर 'जमलेला निधी एचआयव्हीबाधित मुलांसाठी' असं छापलंही. कुठल्या मुलांसाठी, हे महिनाभर आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

साताऱ्यात मंगळवार पेठेत माझा कीबोर्डचा क्लास आहे. क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावर माझा जीव, आणि तो तर आपल्याच जिल्ह्यात शिकलेला. झांझिबारला जन्मलेला फारोख बुलसारा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. 'फ्रेडी' हे नाव त्याला तिथंच पडलं आणि 'द हेक्टिक्स' या शाळेतल्या पोरांच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायला लागला. २४ नोव्हेंबर १९९१ ला लंडनमध्ये एड्सनं त्याचं निधन झालं, वय अवघं ४५. पुढच्या २० एप्रिलला त्याच्या क्वीन बँडच्या सोबत्यांनी वेम्बली स्टेडियमवर मोठी मैफल केली आणि त्या पैशातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. आपण करायचं ते त्याच वाटेनं, आपल्या ऐपतीनं.

संस्था शोधायला एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातल्या, समुपदेशकांकडे जा. कुठं काय अडतंय ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, म्हणून 'औषधांसाठी मदत' असं लिहू नका. अडतं ते दर खेपेच्या गाडीभाड्याला, अंडी-दुधाला, शाळेच्या खर्चाला. संस्था नोंदणीकृत हवी, ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत) असेल तर उत्तम, आणि पैसे थेट तिच्याच खात्यात जायला हवेत. आपल्यापैकी कुणाच्याही वैयक्तिक नंबरवर एक रुपयाही घेऊ नका.

आता जे सांगते ते या सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वर्षी संस्थेच्या ताई सहा मुलांना घेऊन आल्या होत्या. चौथ्या रांगेत, इतर प्रेक्षकांत मिसळून बसवलं होतं. पाहुण्यांच्या हातात माईक गेला आणि ते अगदी प्रेमानं म्हणाले, "ती मुलं कुठं बसलीत? जरा हात वर करा, आपण टाळ्या वाजवू." मी कीबोर्डपाशी उभी होते. निळ्या स्वेटरमधल्या एका मुलीनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि दाबून धरले. एकही हात वर आला नाही. मी घाईघाईनं पहिलं गाणं सुरू केलं. नंतर ताई म्हणाल्या, "मॅडम, तिच्या शाळेत कुणालाच माहीत नाही हो." ती मुलगी मध्यंतरातच निघून गेली होती.

संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची स्थिती उघड करायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. आणि ज्याच्या नावानं आपण जमतो त्या फ्रेडीनं स्वतःचा आजार जगाला सांगितला तो मृत्यूच्या फक्त एक दिवस आधी. म्हणून स्टेजवर मुलं नकोत, फोटो नकोत, धनादेशाचा मोठा फलक घेऊन उभं राहणं नको. पाहुण्यांच्या हाती माईकच देऊ नका. दीपप्रज्वलन करायचं, फ्रेडीच्या तसबिरीला हार घालायचा, सात मिनिटांत पहिलं गाणं. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर आत, ग्रीनरूममध्ये.

तारखेचं सांगते. ५ सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस, पण तो गणपतीच्या आसपास येतो. साऊंडवाला मिळत नाही, पाऊसही असतो. २४ नोव्हेंबर हवामानाला छान, पण तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू, म्हणून जनरेटर आणि साऊंड जूनमध्येच सांगून ठेवा. आम्ही शाहू कला मंदिर घेतो. मैदानापेक्षा बंदिस्त नाट्यगृह बरं, कारण उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही. तरी कार्यक्रम साडेनऊला संपवा, वाई-कोरेगावकडच्या लोकांना घरी जायचं असतं.

परवानग्यांत तीन गोष्टी विसरू नका. पोलीस ठाण्यात अर्ज द्या. वर्गणी गोळा करणार असाल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी बघा. आणि गाण्यांचे हक्क. मदतीचा कार्यक्रम आहे म्हणून गाणी फुकट वाजवता येतात, हा समज चुकीचा. तिकीट लावलं की आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणारी संस्था, तिचा परवाना घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या हक्काचे पैसे बुडवून श्रद्धांजली वाहायची नाही. तिकीट, म्हणजे आपली देणगी प्रवेशिका, ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही. आम्ही ३०० ठेवतो.

गाण्यांची तयारी तीन महिने आधी. फ्रेडीचा आवाज उंच, मूळ पट्टीत गायचा हट्ट धरला की आपला गायक तिसऱ्या गाण्याला बसतो. पट्टी एक-दोन सूर खाली घ्या, बिनदिक्कत. खरं अवघड काम मागच्या आवाजांचं. आपण लहानपणापासून आरती, भजन, समूहगीत सगळं एकाच सुरात म्हणतो. इथं तिघांनी एकाच वेळी तीन वेगळे सूर धरायचे असतात. शेजारचा वर गेला की आपला आवाज आपसूक त्याच्यामागं जातो. यावर मी एक पद्धत बसवली आहे. प्रत्येकाची ओळ पेटीवर वाजवून त्याच्या मोबाईलवर रेकॉर्ड करून देते. पंधरा दिवस फक्त आपलीच ओळ, घरी, एकट्यानं. मग दोघं-दोघं, एकमेकांकडे पाठ करून. सगळ्यात शेवटी तिघं समोरासमोर. गेल्या वर्षी पेटीचा क्लास करणाऱ्या तीन मुलींचा तो तिहेरी सूर पहिल्यांदा नीट लागला तेव्हा त्या स्वतःच दचकून थांबल्या. चौथा कुणीतरी गातोय असं वाटलं म्हणे. खोलीत आम्ही चौघीच होतो आणि मी गात नव्हते.

प्रेक्षकांना गाणी पाठ नसतात म्हणून घाबरू नका. 'वी विल रॉक यू'चा ठेका, दोनदा पाय, एकदा टाळी, एवढं शिकवलं की पेठेतल्या आज्यासुद्धा सामील होतात.

वाजवणाऱ्यांना पैसे द्या. 'चांगल्या कामासाठी आहे' म्हणून लग्नाच्या सुपाऱ्यांवर घर चालवणाऱ्या ड्रमरला ऐन हंगामात फुकट बोलवायचं, हे मला पटत नाही. ज्याला मानधन संस्थेला द्यायचं असेल तो आपल्या हातानं देईल.

साऊंडवाल्या दादांना गाण्यांची यादी आठवडाभर आधी द्या, प्रत्येक गाण्यापुढं किती माईक, किती वाद्यं ते लिहून. गायकासमोर मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, हवाच, स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो ओरडतो आणि सूर सुटतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर गिटार हातात असताना ओठ माईकला लागले की झटका बसतो. जीवही जाऊ शकतो, यात तडजोड नाही. कीबोर्डला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत वाद्य बंद पडून पुन्हा चालू होतं आणि लावलेले सगळे आवाज जातात.

खर्च आणि मदत या दोन वह्या वेगळ्या. हॉल, साऊंड, छपाई, मानधन हा सगळा खर्च स्मरणिकेतल्या जाहिरातींतून काढा. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतची दुकानं आणि कंदी पेढ्यांचे दुकानदार दिवाळीआधी गाठा, नंतर कुणाला वेळ नसतो. प्रवेशिकेचा प्रत्येक रुपया मग संस्थेला जातो आणि तसं पोस्टरवर छापता येतं. सन्मानिका अजिबात काढू नका. आम्ही स्वतःच्या घरच्यांच्याही प्रवेशिका विकत घेतो, त्यामुळं फुकट मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणताना जीभ अडखळत नाही.

आठ दिवसांत हिशेब पूर्ण करा. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो, त्याच दिवशी आम्ही तो प्रत्येक देणगीदाराला मोबाईलवर पाठवतो, संस्थेच्या पावतीच्या फोटोसकट. पाठवण्याआधी पावतीवर, बिलांवर एखाद्या मुलाचं किंवा पालकाचं नाव आलंय का ते बघा. मुलांना घेऊन येणाऱ्या गाडीचं भाडं असेल, तर त्या रकान्यात फक्त 'वाहतूक' एवढंच लिहा.